एका रात्रीचं काम

ठाण्याहून कल्याणकडे निघालेली जलद लोकल २०२२ पर्यंत कळवा ओलांडून पारसिकच्या डोंगरात शिरत असे. सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा हा बोगदा १९१६ साली वाहतुकीला खुला झाला, तेव्हा देशातल्या सर्वांत लांब रेल्वे बोगद्यांमध्ये त्याची गणना होत होती. धिमी गाडी मात्र तेव्हाही डोंगराला वळसा घालून खाडीच्या कडेने मुंब्र्याला जाई. हा जुना मार्ग १ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणला पोचली तेव्हाचा. त्याच डोंगरात, मुंब्र्याच्या डोक्यावर, शेकडो पायऱ्या चढून गेल्यावर मुंब्रादेवीचं ठाणं लागतं. तिथे देवी नऊ रूपांत बसलेली आहे.

पारसिकचा बोगदा कोणी, कधी आणि कशासाठी खणला, हे छापील कागदात नोंदलेलं आहे. म्हणून तो पांडवांच्या नावावर गेला नाही. त्याच लोकलने पुढे अंबरनाथला उतरलं की दुसऱ्याच एका भुयाराची गोष्ट कानावर येते. ते शिवमंदिराखालून निघतं, पांडव त्याच वाटेने लपतछपत गेले आणि आता त्याचं तोंड बुजलं आहे, असं सांगतात. मंदिराची कहाणीही याच धाटणीची आहे. वनवासात फिरणारे पांडव वालधुनीच्या काठी आले, त्यांनी एकाच दगडातून एका रात्रीत हे देऊळ उभं करायला घेतलं, आणि माथा पुरा व्हायच्या आत उजाडलं. काम तसंच टाकून ते निघून गेले.

ही गोष्ट एकट्या अंबरनाथची नाही. कोकणात आणि घाटावर जुनं, दगडी, अर्धवट दिसणारं देऊळ असलं की त्याच्यामागे एक रात्र आणि एक आरवणारा कोंबडा बहुधा असतोच. नाशिकजवळची बौद्ध लेणी ‘पांडवलेणी’ झाली. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या खिडकाळेश्वराला आजही ‘पांडवकालीन’ म्हणतात. कार्ल्याच्या एकवीरेची कथा तर कळवा-खारीगावच्या आगरी-कोळी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. देवीने पांडवांची परीक्षा घेतली, एका रात्रीत देऊळ बांधायला सांगितलं आणि ते झाल्यावर अज्ञातवासात कुणाला न सापडण्याचा वर दिला. चैत्रात ठाणे-रायगडच्या गावांतून पालख्या निघतात, त्या याच एकवीरेला.

राम-लक्ष्मणही वनवासातच होते, पण अशी कामं बहुतेक वेळा पांडवांच्या वाट्याला येतात. त्यामागे कथेचं साधं तर्कशास्त्र आहे. पांडवांच्या वनवासाचं शेवटचं वर्ष अज्ञातवासाचं. ज्याला लपून राहायचं आहे तो काम रात्री करणार, उजाडायच्या आत निघून जाणार आणि मागे नाव ठेवणार नाही. समोर अजस्र बांधकाम आहे, पण बांधणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. हे कोडं सोडवायला पांडवांइतकी सोयीची मंडळी दुसरी नव्हती. शिवाय सोबत भीम होता, त्यामुळे दगड कोणी उचलले हा प्रश्नच उरत नाही.

नाव खरंच पुसलं गेलं होतं का?

अंबरनाथच्या बाबतीत ते देवळातच होतं, फक्त वाचणारा नव्हता. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर आतल्या बाजूने एक शिलालेख कोरलेला आहे. मुंबईतले डॉक्टर आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला. त्यांनी त्यातला शक ७८२, म्हणजे इ.स. ८६० असा लावला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा तपासला आणि शक ९८२, म्हणजे इ.स. १०६० असा दुरुस्त केला. जुनागढहून आलेले भगवानलाल हे भाऊ दाजींकडेच साहाय्यक म्हणून काम करत होते. झिजलेल्या दगडावरचा एक आकडा सात की नऊ, एवढ्यावर देवळाचं वय दोनशे वर्षांनी कमी झालं. सरकारने या मंदिराची रेखाटनं आणि साचे करून घेतले तेही १८६८ साली, याच काळात. त्या कामाला मुंबईच्या कलाशाळेतले जॉर्ज टेरी आणि त्यांचे विद्यार्थी होते.

लेखातला राजा आहे महामंडलेश्वर माम्वाणी, म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला मुम्मुणी. देवळाचा संबंध मात्र त्याच्या थोरल्या भावाशी, छित्तराजाशी जोडलेला आहे. छित्तराजाची कारकीर्द इ.स. १०३५ च्या सुमारास संपते आणि लेख १०६० चा आहे. एका भावाने हाती घेतलेलं काम दुसऱ्याच्या काळात पूर्ण झालं, असं त्यावरून मानलं जातं. कथेतल्या एका रात्रीच्या जागी निदान पंचवीस वर्षं आणि दोन-तीन राजवटी येऊन बसतात.

आता कथेचे तुकडे एकेक करून देवळाशी ताडून पाहिले तर गंमत दिसते. देऊळ एका दगडाचं नाही. आसपासच्या काळ्या बेसॉल्टचे घडीव चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले आहेत, आणि ते इतके चपखल की सांधा शोधावा लागतो. ‘एकच दगड’ ही कल्पना त्या कौशल्यातून आली. गाभारा मंडपाच्या पातळीवर नाही. वीसेक पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, तेव्हा पिंडीचं दर्शन होतं. जमिनीच्या पोटात उतरणारा हा जिना अजून पुढे कुठेतरी जात असेल असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि भुयार तिथूनच सुरू होतं. गाभाऱ्यावर माथा नाही, वरून थेट आकाश दिसतं. त्यासाठी कथेत पहाट होते. अंबरनाथच्या कथेतलं एकही वाक्य हवेतून आलेलं नाही. प्रत्येकाला देवळात डोळ्यांनी दिसणारी एक जागा आहे.

लोकांच्या कथेला पांडव पुरले, तर शिकलेल्या मंडळींना हेमाडपंत पुरला. चुन्याशिवाय बांधलेलं कुठलंही जुनं दगडी देऊळ ‘हेमाडपंती’, हा शेरा अंबरनाथलाही बसला. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. त्याच्या काळाआधी दोनशे वर्षांच्या आसपास अंबरनाथचं देऊळ उभं होतं. अभ्यासक त्याच्या घडणीला भूमिज म्हणतात. शिखरावर चार दिशांना वर चढत जाणारे उभे पट्टे आणि त्यांच्या मधल्या भागात ओळीने रचलेली छोटी शिखरं, ही त्या शैलीची ओळख. माळव्याच्या परमारांनी विदिशेजवळच्या उदयपूरला बांधलेलं उदयेश्वर मंदिर याच शतकातलं आणि याच कुळीचं. म्हणजे वालधुनीच्या काठच्या कारागिरांना माळव्यात काय चाललं आहे याची खबर होती.

दंतकथा रचण्यात राजेही मागे नव्हते. शिलाहारांचे ताम्रपट आपलं कुळ जीमूतवाहनापासून सांगतात. हा विद्याधरांचा राजपुत्र. गरुडाच्या भक्ष्यस्थानी पडणाऱ्या एका नागाला वाचवण्यासाठी तो स्वतः शिळेवर जाऊन बसला, अशी त्याची गोष्ट. म्हणून शिलाहारांच्या मुद्रेवर गरुड आहे. मूळचे ते राष्ट्रकूटांचे मांडलिक. घराण्याला पुराणातली मुळं जोडून घेण्याची गरज त्या काळच्या जवळपास प्रत्येक राजवंशाला वाटली, तशी त्यांनाही वाटली. त्यांच्यातल्या झंझ नावाच्या राजाने बारा शिवालयं बांधल्याचं ताम्रपट सांगतात. शिलाहार राजा अरिकेसरीचा शक ९३९, म्हणजे इ.स. १०१७ चा ताम्रपट १७८७ साली ठाण्यात खोदकाम करताना सापडला. कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात त्याचं भाषांतर छापलं गेलं. भारतीय लेखांच्या अभ्यासाची सुरुवात ज्या मोजक्या दस्तऐवजांनी झाली, त्यांतला एक ठाण्याच्या मातीतला आहे.

कळव्याकडून खाडीपलीकडे पाहिलं तर येऊरचे डोंगर दिसतात. त्या डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरी आहे. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांच्या भिंतींवर बांधणाऱ्यांची नावं खच्चून भरलेली आहेत. त्यांत पांडव कुठेच नाहीत. कल्याणचा सोनार सामिदत (स्वामिदत्त) याने पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दान दिल्याची नोंद आहे. कल्याणचाच एक लोहार नंद, त्याने वाट बांधून दिली. व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, सोपाऱ्याची माणसं आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात, एकवीरेच्या देवळाच्या अगदी शेजारी, वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे. हे लेणं जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असं तो अभिमानाने सांगतो. दरवाजा करणाऱ्या सामी नावाच्या सुताराने तर बापाचंही नाव नोंदवून ठेवलं आहे: वेणुवास.

ही सगळी नावं ब्राह्मी लिपीत होती. लिपी बदलत गेली, जुनी अक्षरं वाचणारं कुणी उरलं नाही. सोनार-लोहारांची ही दानपत्रं दीड हजार वर्षं नुसत्या रेघा होऊन राहिली. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचं कोडं सोडवलं, तोवर डोंगर पांडवांचा झाला होता. असं असलं तरी कान्हेरी मध्यंतरी ओस पडली होती असं नाही. शिलाहार राजे शैव, तरी त्यांच्या राज्यात तिथे बौद्ध भिक्षू राहत होते. शक ७९९, म्हणजे इ.स. ८७७ पर्यंतचे दानलेख तिथे आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये तिथे आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली. तेव्हा अंबरनाथच्या देवळाचा लेख कोरायला अजून चाळीस-पन्नास वर्षं होती.

पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनाही भुयाराने झपाटलं. सोळाव्या शतकात अंतोनिओ दो पोर्तो नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री कान्हेरीत शिरला. ही गुहा पार खंबायतपर्यंत जाते, असं त्याच्या कानावर आलं होतं. दोऱ्या, शिधा, पाणी आणि वीसेक माणसं घेऊन तो सात दिवस आत हिंडला आणि शेवट न सापडता परतला, असं इतिहासकार दिओगो दो कौतो लिहितो. प्रत्यक्षात कान्हेरीत असं एकसंध भुयार नाही. आहेत त्या सुट्या गुंफा, त्यांना जोडणाऱ्या कातळातल्या पायऱ्या, आणि जवळपास प्रत्येक गुंफेपाशी पावसाचं पाणी साठवणारं टाकं. टाक्याचं काळोखं तोंड, आत जाणारं थंड पाणी आणि कातळात खोदलेल्या पन्हळी ज्याने पाहिल्या असतील, त्याला खंबायत फार लांब वाटलं नसणार.

घारापुरीबद्दल कौतोने आणखी मजेशीर कथा टिपली आहे. ती लेणी बाणासुर राजाने आपल्या एकुलत्या एका मुलीसाठी, उषेसाठी, खोदवली आणि तिथे एकदा तीन तास सोन्याचा पाऊस पडला, असं त्याला सांगितलं गेलं. त्याच्याआधी गार्सिया दा ओर्ता या वैद्याने हे काम चिनी लोकांचं असावं असा लोकांचा समज असल्याचं लिहून ठेवलं होतं. सगळ्यांत चटका लावणारी नोंद वेगळीच आहे. घारापुरीच्या दारावर लेख कोरलेली एक शिळा होती. ती वाचता येईना म्हणून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवली गेली, आणि पुढे तिचा मागमूस लागला नाही. सहाव्या शतकातल्या त्या लेण्यांचा कर्ता कोण, यावर आजही वाद आहे. कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी तिथे सापडली, त्यावरून बरेच अभ्यासक कलचुरींकडे बोट दाखवतात. ती शिळा जागच्या जागी असती तर बाणासुराला इतकी वर्षं तिथे राहावं लागलं नसतं.

सोपाऱ्याची गोष्ट थोडी उलट दिशेने गेली. नालासोपाऱ्याजवळच्या एका मातीच्या टेकाडाला गावकरी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, सोन्याची फुलं, बुद्धाच्या आठ छोट्या मूर्ती आणि भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तुकडे होते. बुरुड राजाच्या नावाने त्या टेकाडाकडे पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी बोट दाखवत आलं होतं. राजाचं नाव चुकलं, जागा चुकली नाही.

वेरूळच्या कैलास लेण्याची दंतकथा तर बांधकामाची पद्धतच जपून ठेवते. राणीने व्रत घेतलं की शिखराचा कळस पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही. देऊळ पायापासून बांधत बसलं तर कळस दिसायला वर्षं लागतील आणि राणी उपाशी मरेल. तेव्हा पैठणचा कोकास नावाचा कारागीर आला आणि त्याने डोंगर वरून खाली खोदायला घेतला. आठवड्यात राणीला कळस दिसला. ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात ही कथा आहे. कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात खोदला गेला आणि तो खरोखरच माथ्याकडून पायथ्याकडे उतरत गेलेला आहे. आठवड्याचा हिशेब बाजूला ठेवला, तर अभियंत्याने सांगावी तशी ही माहिती आहे. शिवाय कोकास हे नाव मध्य भारतातल्या पुढच्या काळातल्या शिलालेखांत कारागिरांच्या घराण्याचं म्हणून येतं.

कल्याण-भिवंडीच्या मध्ये लोनाडला या सगळ्याचे थर एकाच शिवारात सापडतात. टेकडीच्या पोटात बौद्ध लेणं आहे. त्याच्या भिंतीवर राजा, राणी आणि परिवाराचं मोठं शिल्प आहे. आज लोक तिथे जातात ते खांडेश्वरी देवीच्या दर्शनाला. गावात शिलाहारकालीन शिवमंदिराचे अवशेष आहेत. अपरादित्याच्या काळातला शक ११०६, म्हणजे इ.स. ११८४ चा लेख आणि केशिदेवाचा शक ११६१ चा लेख, दोन्ही याच परिसरातले. बुद्धाच्या भिक्षूंनी डोंगर सोडला, शैवांचं देऊळ खाली उभं राहिलं आणि पडलं, देवी मात्र लेण्यात येऊन राहिली. नवरात्रात गर्दी तिच्यासाठी होते.

शिलाहारांनी भीती घालायला दगडही उभे केले. गधेगळ म्हणतात त्यांना. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा मजकूर, खाली गाढव आणि स्त्री यांचं अश्लील चित्र. दान दिलेली जमीन जो हिसकावेल त्याच्या आईवर ही पाळी येईल, असा तो उघड शाप. वाचता न येणाऱ्यालाही तो कळत होता, म्हणून तर चित्र. पुढे मजकूर वाचणारे गेले आणि चित्रही शेवाळात बुजलं. काही गावांत या शिळांना शेंदूर लागला आणि त्यांचे देव झाले. राजाच्या महसूल खात्याची धमकी देवघरात जाऊन बसली.

खुद्द ठाण्यात कौपिनेश्वराच्या बाबतीत स्मृती फार मागे जाऊ शकली नाही, कारण मधला काळ पोर्तुगिजांचा होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं, १७३९ मध्ये वसई पडली. त्यानंतर १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मासुंदा तलावाकाठी कौपिनेश्वराचं देऊळ बांधलं. आतली प्रचंड पिंड मात्र त्याहून कितीतरी जुनी, शिलाहारांच्या काळातली मानली जाते, आणि ती तलावातून निघाली असं सांगतात. तिथे पांडवांची गरज पडली नाही. बांधणाऱ्याचं नाव गावाला पाठ होतं.

संशोधनाने बऱ्याच जागी पांडवांना घरी पाठवलं, पण सगळे प्रश्न काही मिटले नाहीत. झंझ राजाची बारा शिवालयं नेमकी कोणती, याची खातरजमा झालेली नाही. घारापुरीचा कर्ता अनुमानावर उभा आहे. आणि अंबरनाथच्या त्या उघड्या माथ्याबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत. काहींच्या मते शिखर पूर्ण झालं होतं आणि नंतर कधीतरी कोसळलं. काहींना वाटतं, ते कधी पुरं झालंच नाही. दुसरं मत खरं ठरलं, तर पंचवीस वर्षं, दोन भाऊ आणि माळव्याची शैली हे सगळं मान्य करूनही, काम अपुरं राहिलं एवढा मुद्दा गावच्या गोष्टीला सोडून द्यावा लागेल.